कुत्र्याची मौत आणि आजीची मोडशी

आमच्या घरी मोडशी यायची ती पावसाच्या तोंडावर. मे संपत आला की परसातला बरका फणस पिकायचा. घरात सरबराई करणारं कुणी नसलं की आम्ही पोरं झाडाखालीच फणस फोडून बसायचो. गरे मोजायची पद्धत नव्हती. रात्री पोट तटतटून यायचं, उलटी व्हायची, उजाडेपर्यंत तीन-चारदा परसाकडे धाव. आजी कंदील घेऊन यायची, कपाळाला हात लावून ताप नाही ना एवढं बघायची आणि निकाल द्यायची, “काही नाही, मोडशी झालीय.” मग ओवा-मीठ चावायचं, आल्याच्या रसाचा चमचा डोळे मिटून गिळायचा, दिवसभर जेवणाला सुट्टी आणि संध्याकाळी पातळ पेज, वर चिमूटभर जिरेपूड. दुसऱ्या दिवशी पुन्हा फणसाच्या बुंध्याशी घुटमळताना दिसलो की तीच आजी ओटीवरून विचारायची, “जिरली का मोडशी?” त्या एका प्रश्नात दोन प्रश्न असायचे. आमच्याकडे मोडशी जिरली म्हणजे अपचन बरं झालं, आणि कुणाची मोडशी जिरवली म्हणजे त्याची मस्ती उतरवली. आजीला बहुधा दोन्ही उत्तरं एकदम हवी असत.

या पुस्तकात कोकणच्या किनाऱ्यावरून युरोपी भाषांत गेलेल्या काही शब्दांवरची टिपणं आहेत. त्यातल्या बहुतेक शब्दांची ओळख त्या-त्या टिपणात होईल. मोडशीचं मात्र प्रस्तावनेतच सांगायला हवं, कारण हा सगळा उद्योग तिच्यापासून सुरू झाला.

मी खरं तर मुंगूस शोधत होतो. इंग्रजीतला मंगूस हा आपला मुंगूस, हे ऐकून माहीत होतं. ते छापलेलं कुठे सापडतं का, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी ‘हॉब्सन-जॉब्सन’ उघडलं. नाव विदूषकी असलं तरी हा हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीचा जाडजूड आणि गंभीर कोश आहे. कर्नल हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी तो केला. यूल बंगालचा इंजिनीयर, बर्नेल मद्रासकडचा मुलकी अधिकारी आणि तंजावरच्या संस्कृत हस्तलिखितांची सूची करणारा पंडित. बर्नेल १८८२ साली, बेचाळिसाव्या वर्षी गेला. कोश १८८६ साली लंडनला निघाला, आणि यूलने पुस्तकावर मित्राचं नाव आपल्या जोडीनं ठेवलं. कोशाचं नावही एका चुकीतून आलेलं. मुहर्रममध्ये छाती पिटत जाणाऱ्यांचा ‘या हसन! या हुसेन!’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानी पडला आणि त्यांनी त्याचं ‘हॉब्सन-जॉब्सन’ केलं. हॉब्सन काय, जॉब्सन काय, दोन्ही त्यांच्या गावातली आडनावं. परका आवाज ऐकताना माणूस आपल्या ओळखीची माणसं शोधतो, तसलाच प्रकार.

तर मुंगूस सापडला. पानं सहज उलटत गेलो: मान्सून, मुन्शी, मूर. आणि मग एक फ्रेंच दिसणारा शब्द आला, ‘मोर-द-शियँ’. अर्थ, कुत्र्याचं मरण. हिंदुस्थानी शब्दांच्या कोशात फ्रेंच कुत्रा कशाला मेला, म्हणून वाचायला लागलो. यूल सांगतो, की अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजीत कॉलऱ्याला हे नाव चालत होतं. त्या शब्दाचा फ्रेंचशी संबंध फक्त दिसण्यापुरता. मूळ पोर्तुगीज शब्द ‘मोर्देशीं’, आणि त्याच्याही मागे कोकणी आणि मराठी शब्द आहे, ‘मोडशी’. मोडणे या क्रियापदावरून आलेला. वाचनालयातल्या त्या टेबलाशी मला आजीचा कंदील दिसला, हे लिहायला नाटकी वाटतं, पण दिसला. पहिला विचार मात्र अगदी साधा होता: आजी ज्याला ‘काही नाही’ म्हणायची, त्याला हे लोक कुत्र्याची मौत म्हणत होते.

हा प्रवास कसा झाला असेल ते तोंडानंच करून बघण्यासारखं आहे. ‘मोडशी’ असं सावकाश म्हणा. दोन स्वरांमधला किंवा स्वरानंतरचा आपला ड ‘डबा’तल्या डसारखा ठाम नसतो. जीभ टाळूकडे वळते, निसटता स्पर्श करते आणि खाली आपटते. ‘वाडा’, ‘घोडा’, ‘मोडशी’. पोर्तुगीजांच्या भाषेत हा ध्वनीच नाही. त्यामुळे त्यांच्यातल्या काहींना तिथे र ऐकू आला आणि त्यांनी ‘मोर्शी’ लिहिलं. काहींना र आणि द दोन्ही ऐकू आले, आणि एका डच्या जागी दोन अक्षरं बसवून ‘मोर्देशी’ झालं. परक्या कानाची ही प्रामाणिक धडपड आहे. दोन्ही अक्षरं ठेवली म्हणजे निदान एक तरी बरोबर असेल.

शेवटी जो अनुस्वार लागला तो पोर्तुगीजांच्या घरचा. आपल्याकडच्या ईकारान्त शब्दांच्या शेवटी नाकातला सूर लावायची त्यांना खोडच होती. मंत्रीचं त्यांनी ‘मांदारीं’ केलं आणि तो शब्द चीनच्या सरकारी अधिकाऱ्यांना चिकटवला. कालिकतच्या सामूतिरीचं ‘सामोरीं’ केलं. पालखीचं ‘पालांकीं’ केलं, ज्यातून इंग्रजांचं पॅलँक्विन आलं. त्याच रांगेत मोडशीचं ‘मोर्देशीं’. मग हा शब्द फ्रेंचांच्या हाती पडला. त्यांना ‘मोर’मध्ये मरण ऐकू आलं आणि ‘शीं’मध्ये कुत्रा. मधला ‘द’ म्हणजे त्यांचा षष्ठीचा प्रत्यय, तो आयताच होता. कोडं सुटलं. इतकं सुबक सुटलं, की पुढे इंग्रज डॉक्टरांनाही हा शब्द फ्रेंचच वाटला. रोगही असा, की त्यात माणूस खरोखरच उकिरड्यावरच्या जनावरासारखा घाणीत तळमळून मरायचा. त्यामुळे चुकीचा अर्थ कुणाला खटकला नाही. मराठीतही वाईट मरणाला कुत्र्याची मौतच म्हणतात, हा योगायोग मात्र त्या फ्रेंचांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

मोडशी पहिल्यांदा नीट पाहिली आणि लिहून ठेवली ती गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानं. तो १५३४ साली गोव्यात आला आणि परत गेलाच नाही. मुंबईचं बेट त्यानं पोर्तुगीज सरकारकडून खंडानं घेतलं होतं. म्हणजे आजची दक्षिण मुंबई ज्या बेटावर उभी आहे, त्याचा एके काळचा खंडकरी हा वैद्य. तिथल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं, हेही त्यानं कौतुकानं नोंदवलंय. हिंदुस्थानातल्या औषधींवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. हिंदुस्थानात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. सगळं पुस्तक संवादांत आहे: एका बाजूला ऑर्ता स्वतः, दुसऱ्या बाजूला स्पेनहून आलेला रुआनो नावाचा कल्पित डॉक्टर, जो शंका काढतो आणि ग्रंथांचे दाखले देतो.

कोष्ठ या औषधीवरचा संवाद चालू असतो. तेवढ्यात एका सरदाराचा पोऱ्या धावत येतो. सरदाराचा भाऊ अचानक आजारी पडलाय, ताबडतोब चला. ऑर्ता रुआनोलाही बरोबर घेतो, आणि पाहुण्याला हा रोग म्हणजे काय ते बिछान्याशी उभं राहून दाखवतो. नाडी इतकी मंद, की बोटाला मुश्किलीनं लागते. अंग गार, त्यावर गार घाम, आणि रोगी मात्र आत आग पेटल्याची तक्रार करतोय. तहान न भागणारी. डोळे खोल गेलेले. झोप नाही. उलट्या आणि जुलाब, त्राण संपेपर्यंत. पायांत गोळे. आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं कॉलऱ्याचं वर्णन लिहिलं तर यात फारशी भर पडणार नाही. ऑर्ता पुढे सांगतो, की जून-जुलैत हा रोग जास्त. चोवीस तास काढणं कठीण. तुमच्या ग्रंथांत याला कॉलेरिका पासियो म्हणतात, इथले लोक ‘मोर्शी’ म्हणतात, आणि आम्ही तेच बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतो. ‘बिघडवून’ हे तो स्वतः म्हणतो, याचं मला अप्रूप वाटतं. अडीचशे वर्षांनंतरच्या त्याच्या युरोपी व्यवसायबंधूंना आपण बिघडवतो आहोत याची जाणीवच नव्हती.

ऑर्ताबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तो मूळचा ज्यू घराण्यातला, बाटवलेल्यांपैकी. तो १५६८ साली गेला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशननं त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं, आणि १५८० साली त्याचीही हाडं थडग्यातून काढून जाळली. नवीन देशातल्या झाडापाल्याबद्दल आणि रोगांबद्दल त्यानं जे लिहिलं ते मात्र लॅटिनमध्ये संक्षेपानं उतरून युरोपभर आधीच पसरलं होतं.

त्याच गोव्यात ऑर्ताच्या पुस्तकाच्या वीस वर्षं आधी, १५४३ साली, मोडशीची मोठी साथ येऊन गेली होती. तिची हकिगत गाश्पार कोरैया या बखरकारानं लिहिली. तो १५१२पासून इथे होता, गव्हर्नर आल्बुकर्कचा कारकून होता, आणि जे पाहिलं ते मोकळ्या हातानं लिहायचा. लोक इतके मरत होते, की घंटानादानं जिवंतांचा धीर खचू नये म्हणून मर्तिकाच्या घंटा वाजवायला बंदी झाली. साथीच्या वेळच्या गव्हर्नरनं एक प्रेत फाडून बघायला लावलं. आत काही सापडलं नाही. फक्त पोट कोंबडीच्या पेठ्यासारखं आकसलेलं आणि पोळलेल्या कातड्यासारखं सुरकुतलेलं. कोरैयाही सांगतो, की लोक या रोगाला ‘मोरिशी’ म्हणतात. मात्र त्याची बखर हस्तलिखितातच पडून राहिली. लिस्बनला ती छापायला लागले १८५८ साली. ही तारीख ध्यानात ठेवावी, पुढे लागेल.

मग हा शब्द प्रत्येक प्रवाशाच्या पोतडीत दिसतो. डच लिन्सखोटेन १५८०च्या दशकात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. त्याच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १५९८ साली निघाला, आणि चोरपावलानं येऊन माणसाच्या पोटातलं सगळं, कधी कधी जीवसुद्धा, बाहेर काढणारा हा रोग इंग्रजी वाचकाच्या घरात शिरला. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ साली मुंबईत उतरला. हा तोच फ्रायर, जो पुढे जुन्नरला जाऊन आला आणि ज्याच्या पुस्तकातून शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची इंग्रजी हकिगत आपण वाचतो. तो ‘मॉर्डिशीन’ असं लिहितो. हे पोर्तुगीजांचं नाव, असं सांगतो. आणि या रोगात इथे निर्दयपणे डागण्या देतात, असंही.

डागण्यांचा विषय आला की सगळे प्रवासी रंगात येतात. तापलेली सळई टाचेखाली धरायची. रोगी ओरडला तर जगण्याची आशा. फ्रेंच प्रवाशांनी हा उपाय फार मनावर घेतला. आपण हे वाचून हसावं किंवा अंगावर काटा यावा, पण मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळांना आजही डागण्या दिल्याच्या बातम्या येतात, तेव्हा सतरावं शतक फार लांब गेलेलं नाही.

अठराव्या शतकात शब्द इंग्रजी आरमारात पोचला. १७८२ साली त्रिंकोमलीच्या किनाऱ्यावर ब्रिटिश जहाजांवरचे खलाशी पटापट मरायला लागले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या कर्टिस नावाच्या सर्जननं रोगाचं नाव ‘मोर-द-शियँ’च दिलं. मद्रासकडच्या डॉक्टरांच्या पत्रव्यवहारातही हेच नाव. इथपर्यंत रोग आणि शब्द जोडीनं चालत होते.

आणि मग १८१७ साल आलं. बंगालमध्ये जेसोरला साथ सुरू झाली आणि शरद ऋतूत ती गंगेच्या खोऱ्यातून वर सरकली. नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज पेंढाऱ्यांवर मोठी मोहीम घेऊन बुंदेलखंडात तळ देऊन होता. ५ नोव्हेंबरला इकडे पुण्याजवळ खडकीला पेशव्यांच्या आणि इंग्रजांच्या फौजा भिडल्या. त्याच सुमारास तिकडे हेस्टिंग्जच्या छावणीत, एकही गोळी न सुटता, माणसं रांगेत चालता चालता कोसळत होती. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये साथ मुंबईत आली, आणि तिथून जहाजांवर बसून परदेशी गेली. या साथीनं सरकारी डॉक्टर इतके हादरले, की हा रोगच नवा आहे, १८१७ पूर्वी हिंदुस्थानात तो नव्हताच, असं लिहायला लागले. लिहिलेलं छापलं गेलं, छापलेलं शिकवलं गेलं. नव्या रोगाला नवं, शास्त्रीय वाटणारं नाव हवं, म्हणून ग्रीक ‘कॉलरा’ पुढे आला, कधी ‘स्पॅस्मॉडिक’ तर कधी ‘एशियाटिक’ हे विशेषण लावून. ‘मोर-द-शियँ’ अडगळीत गेला. आता तो इंग्रजीतल्या माणसालाही कोश उघडून बघावा लागतो.

मोडशीची गंमत मला इथे वाटते. डॉक्टरांनी रोगाचा इतिहास पुसला, पण त्या रोगाचं जुनं नाव त्यांच्याच पूर्वसूरींच्या रोजनिश्यांत पडलं होतं. कोरैयाची बखर १८१७च्या डॉक्टरांना वाचता येणं शक्य नव्हतं, ती छापलीच नव्हती. पण ऑर्ता होता, लिन्सखोटेन होता, फ्रायर तर त्यांचाच. ते त्यांनी उघडले नाहीत, किंवा उघडले तरी मॉर्डिशीन म्हणजे भलतंच काहीतरी समजले. १८७२ साली जॉन मॅकफर्सन या डॉक्टरनं १८१७ पूर्वीच्या कॉलऱ्याची सगळी साक्ष एका पुस्तकात गोळा केली, आणि यूलनं आपल्या कोशात या एका शब्दाखाली उतारेच्या उतारे लावून तो समज निराधार असल्याचं चिडून लिहिलं. शब्दकोशाच्या नोंदीत सहसा राग दिसत नाही, इथे दिसतो. शब्दाचा माग काढता काढता एका निवृत्त इंजिनीयरनं सबंध वैद्यक खात्याची मोडशी जिरवली.

आता एक आडकाठी. ऑर्तानं पाहिलेली मोडशी आणि रॉबर्ट कॉखनं १८८४ साली कलकत्त्यात सूक्ष्मदर्शकाखाली निश्चित केलेला जंतू, हे एकच का? याचा पुरावा प्रेताबरोबर गेला. लक्षणं जुळतात, महिने जुळतात, मरायची घाई जुळते. काही इतिहासकारांना एवढं पुरतं, काहींना नाही. माझं मत विचाराल तर, गोव्यातल्या त्या बिछान्याशी ऑर्तानं जे पाहिलं तो कॉलराच होता. पण गावच्या लोकांच्या तोंडी ‘मोडशी’ हा एवढा नेमका शब्द कधीच नसावा. पोट बिघडून माणूस मोडून पडला की मोडशी. एखादा दोन दिवसांत उठून बसला, एखादा रात्रीत गेला. घरातल्या बाईला संध्याकाळी कळत नव्हतं, की ही कुठली मोडशी आहे. ऑर्ताच सांगतो, की एक तरुण पाद्री काकड्या खाऊन या रोगानं मेला. आजीनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, फणस काय आणि काकडी काय.

नाव किती घरगुती आहे ते बघा. संस्कृत वैद्यकातला शब्द विषूचिका. त्यात सुई आहे, सुया टोचल्यासारखी वेदना. ग्रीक कॉलऱ्यात पित्त आहे. मोडशीत वेदना नाही, पित्त नाही, मोडणं आहे. आपण ‘अंग मोडून आलंय’ म्हणतो, ‘कंबर मोडली’ म्हणतो, उभा माणूस काडीसारखा मोडतो. रोग शरीराच्या आत काय करतो हे ठाऊक नसलेल्यांनी, रोग्याकडे दारातून बघून ठेवलेलं हे नाव आहे. गोळे आलेले पाय पोटाशी घेऊन पडलेला माणूस ज्यानं पाहिलाय, त्याला ते पटेल.

महाराष्ट्रात साथीच्या रोगाला दुसरी, जास्त भीतीची नावं होती. पटकी, वाखा, महामारी. ही नावं शिवीत गेली: ‘तुला पटकी येवो’, ‘वाखा होवो’. रोगाची देवीही झाली, जरीमरी किंवा मरीआई. तिचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेपार नेऊन सोडायचे, म्हणजे तो पुढच्या गावाच्या शिवेत जायचा. मोडशीला कुणी देवी केलं नाही, मोडशीची शिवी झाली नाही. भीती पटकीनं घेतली आणि मोडशीकडे उरलं अपचन. मोल्सवर्थच्या कोशात आणि दाते-कर्व्यांच्या शब्दकोशात ती सापडते. लोकांच्या तोंडी मात्र ती कोकणात आणि गोव्यातच राहिली, आणि तिथेही आजीच्या बटव्यापुरती. परदेशी गेलेली मोडशी मोठी होत होत मृत्यू झाली आणि मेली. घरी राहिलेली लहान होत होत पोरांच्या पोटदुखीवर आली, आणि त्यामुळेच टिकली.

पोर्तुगीजांनी आपला शब्द नेला तसे आपणही त्यांचे पुष्कळ घेतले, आणि सारख्याच बेफिकिरीनं वाकवले. त्यांच्या ‘त्रोंको’चा आपण तुरुंग केला. मोझांबिकची फळं आपल्याकडे मोसंबी झाली. अफोंसो या त्यांच्या नावाचा हापूस झाला, आणि आज देवगडच्या बागायतदाराला सांगितलं की हे तुझ्या आंब्याचं नाव एका पोर्तुगीज माणसाचं आहे, तर तो पेटीत आंबे लावता लावता मान हलवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल. त्यामुळे फ्रेंचांनी मोडशीत कुत्रा पाहिला म्हणून त्यांना हसण्यात अर्थ नाही. देवघेव बरोबरीची झाली: हापूस आला, मोडशी गेली. हापूस जास्त खाल्ला की काय होतं, हे दोन्ही पक्षांना माहीत होतं.

उपचारांबद्दल थोडं. ऑर्ता स्वतः युरोपी पद्धतीनं उपचार करत होता, पण इथले वैद्य काय करतात तेही त्यानं लिहून ठेवलं. ते तांदळाचं पाणी पाजतात, त्यात मिरी आणि जिरं घालून. हातपाय पट्ट्यांनी करकचून आवळतात. पाय डागतात. डोळ्यांत पिंपळीची पूड घालतात. विडा खायला देतात. ही यादी वाचताना पहिल्या उपायाशी थांबून ‘पाहा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्याच ओळीत डोळ्यांत पिंपळी आहे. पण तांदळाचं पाणी लक्षात ठेवण्यासारखं खरंच. त्यानंतर अडीचशे-तीनशे वर्षांनी, वैद्यक पुष्कळ पुढे गेल्यावर, कॉलऱ्याच्या रोग्याची शीर तोडून रक्त काढत, पारा आणि अफू पोटात घालत, आणि तहानेनं जीव जात असताना अनेक डॉक्टर पाणी पिऊ देत नसत. १८३२ साली स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटा यानं रोग्यांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडून काहींना उठवून बसवलं, पण तो स्वतः लवकर वारला आणि उपाय मागे पडला. अखेर १९७१ साली, बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या लोंढ्यांबरोबर बनगावच्या छावणीत कॉलरा शिरला, शिरेतून द्यायचे सलाइन संपले, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आलं. पुढे ग्लुकोजच्या जागी तांदळाचं पीठ वापरूनही तेच पाणी करून पाहिलं गेलं, आणि ते लागू पडलं. पेजेला याहून मोठं प्रमाणपत्र नको.

आता या पुस्तकाविषयी. पुढच्या टिपणांत मुंगूस आहे, चौथ आहे, शिलेदार आणि पेंढारी आहेत. परभाषी शब्द मी देवनागरीत, उच्चाराच्या जवळात जवळ लिहिले आहेत. पोर्तुगीजांचं आणि इंग्रजांचं लेखन माणसागणिक बदलतं, त्यामुळे ‘मोर्शी’, ‘मोरिशी’, ‘मोर्देशीं’, ‘मॉर्डिशीन’ ही चार रूपं दिसली तर ती छापण्यातली चूक समजू नये. आणि शब्दाच्या व्युत्पत्तीवर पैज लावू नये. ‘मोडणे’वरून मोडशी हे यूलचं म्हणणं मला पटतं, पण मोडणेला हा ‘शी’ कुठून लागला हे मला उलगडलेलं नाही.

एक विनंती आहे. यूलनं आपल्या नोंदीत मोडशीबरोबर आणखी एक रूप दिलंय, ‘मोडवशी’. ते मला माझ्या भागात कुणाच्याही तोंडी मिळालं नाही. राजापूर, कुडाळ, सावंतवाडी, पेडणे अशा ठिकाणी म्हाताऱ्या माणसांना विचारून झालं; काहींनी मोडशी ओळखली, काहींनी ‘ॲसिडिटी म्हणा ना’ असं सुचवलं, मोडवशी कुणालाच माहीत नव्हती. वाचकांपैकी कुणी हा शब्द घरात ऐकला असेल, तर कुठल्या गावी, कुणाच्या तोंडून आणि नेमकं काय झाल्यावर, एवढं कळवावं.